न गुरगुरणारी गाडी

"ऐकलंत? ही गाडीसुद्धा आवाज न करता उतरली!" प्रज्ञा कुजबुजली.

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ होती. प्रज्ञा, सार्थक आणि आरती करवंदीच्या जाळीआड बसली होती. समोर त्यांच्या मढ गावाच्या वरच्या डोंगरावर हौशीरामशेठचा कॅम्प. तिथल्या जाड चाकांच्या गाड्यांवर बसून शहरातले पावणे उतार उतरायचे. प्रज्ञाचा दादा रविंद्र त्यांना फिरवायचा. गेल्या आठवड्यात त्याची गाडी उतारावर उलटली आणि पाय चिरडला. "पिऊन व्हता," शेठ म्हणाला. गावानंही ते लगेच खरं मानलं!

"आधी उतारावर इंजिन कसं गुरगुरायचं!" सार्थक म्हणाला. "अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला धरून ठेवायचं. दादानंच सांगितलं होतं."

"मग आता का नाही धरत?" आरती उठलीच. "चला, गोरखकाकांना विचारू!"

मेकॅनिक गोरख आधी खेकसला, मग हळू आवाजात बोलला. "पावण्यांना झटके बसायचे. शेठ म्हणला, इंजिनाची पकड काढ. मी काढली. आता सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापला की संपलं. रविंद्रला कुणी सांगितलंच न्हाई."

"गावासमोर सांगाल?" प्रज्ञानं विचारलं.

"माझी नोकरी जाईल, पोरी."

अपघातानंतरची गावाची भीती घालवायला दुसऱ्या दिवशी शेठनं गाव कॅम्पवर बोलावलं. सगळ्यांत पुढे सार्थकचे आजोबा चिमाजी बसले होते. कॅम्पची जागा त्यांचीच होती.

"गाड्या एकदम ठणठणीत!" शेठ म्हणाला.

"मग दादा पडला तिथून तुम्ही उतरून दाखवा!" प्रज्ञा ओरडली.

"माझी कंबर दुखती."

"मग ऋतिकला पाठवा!" आरती म्हणाली.

शेठचा मुलगा ऋतिक वाटच पाहत होता. त्यानं टुणकन सीटवर उडी मारली. "पप्पा, जातो मी!"

"उतर खाली!" शेठ किंचाळला. "मरशील! ती थांबत न्हाई!"

सगळ्यांच्या माना शेठकडे वळल्या.

"घाबरू नका शेठ," सार्थक म्हणाला, "किल्ली माझ्याकडे आहे."

मग गोरख पुढे आला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

शेठ मान खाली घालून उभा राहिला. गाड्यांना कुलूप लागलं. चिमाजींनी प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवला. "लई हुशार पोरं! तुमचा सत्कार करू!"

"सत्कार नको, आजोबा," प्रज्ञा म्हणाली. "तुम्ही सगळे आमच्या घरी चला. दादाला सांगा, तू प्यालेला नव्हतास."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणाला डेअरीत दूध घालायचं होतं, कुणाची एसटी होती.

"येऊ की," चिमाजी दुसरीकडे बघत म्हणाले. "सवडीनं."

प्रज्ञा वळली आणि चालू लागली. सार्थक आणि आरती तिच्यामागे धावले. घरी पोचेपर्यंत ती तिघंच होती.