धक्क्यावर वारा

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ओल्फा केरकेना बेटावर उतरली. पाठीवर लॅपटॉप, हातात नवी केबल. वेधशाळेच्या सर्व्हरला आज रिमोट ॲक्सेस द्यायचा होता. तो मिळाला की मशीन अडकलं तरी समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहरातल्या ऑफिसातूनच सुरू करता येणार होतं. मग तिला बेटावर यायचं काही कारण उरणार नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी याच धक्क्यावर तिने एका माणसाला वेधशाळेची वाट विचारली होती. त्याच्या हातात ताजा ऑक्टोपस लोंबत होता. "चला, किल्ली माझ्याकडेच आहे," तो म्हणाला होता. तो वज्दी. बेटावरचा वारा मोजतो, आणि मशीन रुसलं की तिला फोन करतो.

आज तो वेधशाळेच्या दारातच चहा घेऊन उभा होता. वाफेला पुदिन्याचा वास.

"बोट लागली नाही ना?"

"नाही. समुद्र आज तुझ्यासारखा होता… घुमा."

ती सर्व्हरच्या कपाटामागे गुडघ्यांवर बसली. "हे बघ, हे वेगळं पोर्ट. मशीन झोपलं तरी हे जागं असतं. याच्यातून मी त्याला तिकडे बसून उठवू शकते."

"आणि मला?"

"तुला उठवेल असं काही अजून निघालेलं नाही."

तो हसला. तिने केबल खोचली, पत्ता दिला, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. मग मान न वळवताच म्हणाली, "साहेब सांगत होते, ही सोय तूच मागितलीस."

"हो."

"माझ्या येण्याचा इतका त्रास होत होता?"

वज्दीने पेला खाली ठेवला. "जानेवारीत आली होतीस ते आठवतं?"

"एक बटण दाबायला आले होते."

"एक बटण दाबायला! मी धक्क्यावर उभा होतो. तुझी बोट दिसायची… मग दिसायची नाही… वारा किती आहे ते मला पाठ होतं, ओल्फा. सकाळी मीच मोजला होता. आणि तुला फोनही मीच केला होता."

तिची बोटं नुसतीच केबलवर फिरत होती.

"मशीनसाठी तू आता समुद्र ओलांडायचा नाहीस," तो म्हणाला.

"मग कशासाठी ओलांडायचा?"

"ते तू ठरव. मी फोन केला की तू येतेस, ते काम म्हणून. मला कधी कळतच नाही की—"

"की काय?"

"…चहा गार होतोय."

तिने चहा संपवला, पण त्याच्याकडे बघत.

शेवटची चाचणी पलीकडूनच घ्यायची होती. दुपारच्या बोटीने ती परतली आणि ऑफिसातून तिने फोन लावला. वज्दीने मशीन पूर्ण बंद केलं. खोलीत फक्त समुद्राचा आवाज राहिला.

"सुरू करू?"

"कर."

क्षणभर काहीच नाही. मग पंखे एकदम घोंघावले.

"उठलं?"

"उठलं."

"म्हणजे माझं तिथलं काम संपलं."

"संपलं."

दोघंही फोन ठेवेनात.

"रविवारी वारा कसा असेल?" तिने विचारलं.

"मशीन तर चालू आहे. रविवारी तू कशाला—" तो थांबला. मग त्याने पडद्यावर पाहिलं. खोटं सांगता आलं असतं. "ईशान्येचा. वाढत जाईल."

"येऊ नकोस म्हणतोयस?"

"अंदाज सांगतोय."

"आणि तू? तू काय सांगतोयस?"

"मी…" त्याने श्वास घेतला. "मी धक्क्यावर असेन. बोट आली तरी, नाही आली तरी."

पलीकडे ती हसल्याचं त्याला ऐकू आलं.

शनिवारी संध्याकाळी बंदराने कळवलं : रविवारची पहिली बोट सोडायची की नाही, ते बेटावरचा सकाळचा वारा पाहून ठरेल. तो वारा वज्दीच मोजणार होता.