सातवी चूल

१५ जानेवारी २०१९, मंगळवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. कारैक्कुडीच्या त्या हवेलीच्या मागच्या चौकात चुली होत्या सात, पेटलेली एक!

लग्न झालेल्या प्रत्येक जोडप्याची चूल वेगळी, ही तमिळनाडूतल्या चेट्टियार व्यापाऱ्यांची रीत. पाच बिऱ्हाडे चेन्नई, सिंगापूर, पेनांगला पांगली. बर्मी सागवानाच्या खांबांमागच्या त्यांच्या खोल्यांत आता प्रवासी उतरू लागले... आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या दैवानै आची तेवढ्या आपल्या सहाव्या चुलीपाशी उरल्या. सातवी कुणाचीच नव्हती. तरीही दर पोंगलला त्या ती सारवीत, तिच्यापुढे तांदळाच्या पिठाचे कोलम रेखीत आणि न पेटवताच उठत.

काल आठ क्रमांकाच्या खोलीत सपत्नीक उतरलेला पाहुणा होता कदिरेसन... त्यांच्याच पोटचा! नवऱ्याने दिलेल्या शब्दाखातर, अकराव्या वर्षी निपुत्रिक चुलतदिराला दत्तक दिलेला. रात्री साऱ्या प्रवाशांना आचींनी स्वतः वाढले. त्याचे पान येताच मात्र भांडे आचाऱ्याच्या हाती दिले.

आता तोच चौकात येऊन उभा राहिला. चेट्टियार बायकांना सगळेच म्हणतात तसे तोही तिला परकेपणाने ‘आची’च म्हणे.

"आची, काल माझ्याच पानाला काय विटाळ झाला होता?"

"चुकून राहिलं असेल, बाबा."

"चुकून? बेचाळीस वर्षांपूर्वी, पोंगललाच, नऊ मैल उपाशी चालत आलो होतो मी. तेव्हाही चुकूनच आतून कडी घातलीत?"

त्या कडीच्या अलीकडे आपण तोंडात पदर कोंबून बसलो होतो, हे त्या अभागी मातेने कोणत्या शब्दांत सांगावे!

"सणासुदीला भांडता काय हो!" म्हणत त्याची बायको सिगप्पी गाठोडे घेऊन आली. "आची, हे आमच्या सासूबाईंनी, ह्यांच्या दत्तक आईंनी दिलंय. म्हणाल्या, पोंगलच्या सकाळी, चुलीपाशीच सोड. आधी सोडलंस तर बघ!"

गाठोड्यात काशाचे भांडे, नवे तांदूळ, गूळ.

"आणि निरोप. घोकून घेतलाय माझ्याकडून. ‘दैवानै, पोर माझ्या चुलीशी रुळावं, म्हणून तुझ्या हातचा घास त्याला द्यायचा नाही, अशी शपथ मी तुला मुरुगन देवासमोर घातली. पोर वर्षात रुळलं. शपथ सोडवायला मात्र मी भ्याले... आता सोडवते. त्याला जेवू घाल.’"

कदिरेसन आचींकडे वळला. "शपथ...? मग ती कडी..."

"दोन्ही हातांनी धरून बसले होते रे! तुझ्या हाकेनं सुटेल म्हणून..."

"आई!"

बेचाळीस वर्षांचा तो अवरुद्ध शब्द त्यांच्या पायांवर कोसळला.

"ही सारवलेली चूल कुणाची?" सिगप्पीने डोळे पुसत विचारले.

"ह्याचीच. पण दत्तक गेलेल्याला या घरात चूल नसते, पोरी."

"मुलाला नसेल. पाहुण्याला तर चालते ना? खोलीचं भाडं भरलंय आम्ही, चूल त्यातच धरा!"

आची रडता रडता हसल्या. सातवी चूल पेटली, तिच्यावर शकुनाचे दूध उतू गेले, "पोंगलो पोंगल!"चा घोष उठला आणि पहिला घास त्यांनी स्वहस्ते पन्नाशी उलटलेल्या लेकाला भरवला.

दुपारी तीन वाजता मोटार निघून गेली. आठव्या खोलीला पुन्हा कुलूप लागले, चौक पुन्हा निःशब्द झाला... आणि आची सातव्या चुलीवर तळवे धरून राख निवेपर्यंत एकट्याच बसून राहिल्या.

त्या पोंगलला पेटलेल्या चुली : दोन.