चौथ्या ओळीतले सव्वीस रिव्हेट

हे वाचून "असं कुठं असतं का" म्हणणारे पुष्कळ निघतील. म्हणू देत. मी स्वतः त्यांच्यातलीच आहे. आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेली माणसं आम्ही. कुणी चेटूक-करणीचा विषय काढला तर माझे वडील त्याला चहा पाजायच्या आधीच वाटेला लावायचे.

तरीही जे झालं ते झालं. माझ्याच कानांनी ऐकलं.

आणि रात्री नाही. बुधवार, ११ फेब्रुवारी २००४. दुपारी सव्वा एक. डोक्यावर ऊन, बाहेर हायवेवर उसाचे ट्रॅक्टर.

जागा पाटसजवळची एक शेड. मालक मारुतराव आधी बसच्या बॉड्या बांधायचे. त्या साली त्यांना एक वेगळंच काम मिळालं. छोट्या विमानाच्या धडाचा मागचा तुकडा... दाराच्या चौकटीपासून शेपटापर्यंत. नीट जमला तर पुढं आणखी मिळणार होते. गावात लोक हसले. म्हणाले, "पाटसला एसटी वेळेवर येत न्हाई आन् हे विमान बांधायला निघाले."

पण मारुतरावांकडं माझे वडील होते. बन्सी त्यांचं नाव, आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पांनी एकवीस वर्षं नाशिककडं विमानाच्या कारखान्यात रिव्हेट मारले होते. निवृत्ती घेऊन दौंडला घरी आले होते. मी माया, त्यांची एकुलती एक. दौंडच्या आयटीआयमधून पत्राकाम शिकलेली, तेव्हा तेवीस वर्षांची. शेडमध्ये आमची बाप-लेकीची जोडी.

हे काम जोडीनंच होतं, ते आधी सांगते. नाहीतर पुढचं कळणार नाही.

विमानाचं धड म्हणजे आत गोल गोल फ्रेमा, त्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या, आणि त्यावर चढवलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. हे सगळं हजारो रिव्हेटनी शिवलेलं असतं. एक माणूस बाहेरून हवेच्या गननं रिव्हेटवर ठोके देतो. दुसरा आत बसतो आणि रिव्हेटच्या शेपटाला पोलादी ठोकळा टेकवून धरतो. त्याला डॉली म्हणतात. डॉली नीट धरली तर शेपूट दबून गोल बटण बनतं आणि रिव्हेट कायमचा बसतो.

बाहेर मी. आत आप्पा. ते अंगानं काटकुळे, दाराच्या भोकातून सहज आत सरकायचे. म्हणायचे, "गन कुनीबी चालवतंय. डॉली धराया मानूस लागतो."

मधे पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही. गनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस डॉलीनं ठोकून सांगतो.

एकदा ठोकलं, अजून मार.

दोनदा, बसला. पुढं चल.

तीनदा, बिघडला. काढ.

आप्पांचे तीन ठोके म्हणजे माझ्या डोक्याला ताप. एकदा सहाची बस गेटासमोर हॉर्न देत उभी होती. शेवटचा रिव्हेट मारला आणि आतून तीन ठोके आले. केसभर तिरका होता. मी म्हणाले, आप्पा, हा एक राहू द्या की. त्यांनी आतूनच विचारलं, विमान वरती बंद पडलं तर ढकलायला कोण उतरणार आहे? बस गेली. तो रिव्हेट ड्रिलनं काढून परत मारला आणि आम्ही ट्रकमधून घरी आलो.

एकवीस वर्षांत एकही खराब रिव्हेट पास केला नाही, हे ते जेवताना, चालताना, पाहुण्यांना, सगळ्यांना सांगायचे. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

आता भांडणाचं सांगते.

बेंगलोरच्या एका विमान कंपनीत मी अर्ज केला होता. दोन वर्षं पोस्टमनची वाट पाहिली. १ डिसेंबरला घरात चादरी काढायला ट्रंक उघडली, तर तळाशी माझ्या नावाचं पाकीट. फोडलेलं. मुलाखतीला बोलावलं होतं. तारीख अकरा दिवसांपूर्वी उलटून गेली होती.

आप्पांनी लपवलं होतं.

मी विचारलं. ते जमिनीकडं बघायला लागले. मग म्हणाले, "लई लांब हाय गं माया ते. माझं चुकलं."

मी एक शब्द बोलले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. माझा स्वभाव तसाच, एकदा गाडी अडली की अडली. घरात आईच्या मार्फत निरोप. "आई, त्यांना म्हणावं जेवून घ्या." आई कंटाळून म्हणायची की मी काय तुमच्या दोघांतला टेलिफोन आहे का.

आणि शेडमध्ये बोलायची गरजच नव्हती. ठोक्यांवर काम चालायचं.

एकोणचाळीस दिवस आम्ही असं काम केलं. अबोला इतका सोयीचा कुणाला मिळाला नसेल.

आप्पांनी प्रयत्न केले. एकदा त्यांनी मुद्दाम डॉली बाजूला घेतली. आत कुणी डॉली धरलेली नसली की गनचा आवाज लगेच बदलतो. रिकाम्या डब्यावर काठी मारल्यासारखा येतो. त्यांना वाटलं, आता तरी ही म्हणेल की आप्पा, डॉली धरा. मी म्हणाले नाही. गनच्या बुडानं पत्रा बडवला. आतून त्यांचं हसू ऐकू आलं. मलाही हसू आलं होतं. ओठ दाबून धरले.

का दाबले, देव... जाऊ दे. देव आम्ही मानत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार. जेवणानंतर दाराच्या चौकटीमागची चौथी ओळ सुरू केली होती. काही रिव्हेट झाले. सगळ्यांना दोन दोन ठोके आले.

पुढच्याला गन लावली आणि...

आवाज रिकामा आला.

मी थांबले. पत्रा बडवला. आतून काही नाही.

परत बडवला.

काही नाही.

मला वाटलं, झालं, पुन्हा नाटक सुरू. एवढीच हौस आहे तर बसा आत, असं मनात म्हणाले. गन अडकवली आणि समोरच्या टपरीवर गेले. एक चहा घेतला. मग मुद्दाम दुसरा घेतला.

वीस मिनिटं.

आले तेव्हा दाराच्या भोकातून त्यांचे पाय दिसले. एक चप्पल निघाली होती. फ्रेमला टेकून बसले होते. डॉली मुठीत होती. ती सोडवायला दोन माणसं लागली.

मारुतरावांच्या जीपमधून दौंडला नेलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. कधी सुरू झालं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, आत्ताच... एकदम गेले.

आई तेच धरून बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "झटक्यात गेले. तरास न्हाई झाला." त्यावरच ती जगली. आवाज रिकामा आला होता आणि मला तो ऐकू आला होता, हे मी तिला कधी सांगितलं नाही. मागच्या वर्षी आई गेली. म्हणून आज लिहितेय.

जलदान विधी झाला. महिन्यानं मी परत शेडला गेले. घरात मन रमत नव्हतं आणि काम माझ्याशिवाय अडलं होतं. मारुतरावांनी शिरूरहून हौसराव नावाचे जुने पत्राकाम करणारे आणले होते. वयानं आप्पांएवढेच, भला माणूस. आम्ही दोन दिवस दुसऱ्या ओळी मारल्या. चौथीकडं मी जात नव्हते. ते समजून होते.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या बुधवारी, एक वाजता सुट्टी झाली. कॉम्प्रेसर बंद झाला. सगळे लिंबाखाली डबे घेऊन बसले. मला भूक नव्हती. मी एकटीच धडापाशी थांबले. चौथी ओळ समोर होती. सव्वीस भोकं उरली होती. मी मोजली होती.

हौसरावांची डॉली माझ्या शेजारी टेबलावर होती. आप्पांची घरी, ट्रंकेत.

मी पत्र्यावर हात ठेवून उभी होते.

आणि आतून...

टक्.

एकच ठोका.

पत्रा उन्हानं तापला की वाजतो. मला माहीत आहे. मी तेच मनाला सांगितलं.

थोड्या वेळानं पुन्हा...

टक्.

पत्र्याचा आवाज वेगळा. पोलादाचा वेगळा.

आत जायला-यायला दाराचं भोक सोडून वाट नाही. ते माझ्यापासून चार पावलांवर. हौसराव बाहेर आल्यापासून मी तिथंच होते. आत कुणी गेलेलं नव्हतं.

मी पळाले नाही. लोक विचारतील म्हणून सांगते. पाय हललेच नाहीत. पण खरं कारण ते नाही. तो ठोका मी ओळखला होता.

मी पहिला रिव्हेट भोकात घातला. गन उचलली. टाकीत हवा उरलेली होती. घोडा दाबला.

आवाज भरीव आला.

आत डॉली धरलेली होती.

टक्, टक्.

बसला. पुढं चल.

दुसरा मारला. टक्, टक्. तिसरा. चौथा. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, दिसत नव्हतं, हात सवयीनं चालत होते. नववा तिरका गेला. तीन ठोके आले. मी ड्रिलनं काढला आणि दुसरा मारला. अगदी नेहमीसारखं.

प्रत्येक रिव्हेटला ठरवत होते की आता बोलू. आप्पा, मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. पण भीती वाटत होती. तोंड उघडलं आणि हे थांबलं तर? म्हणून म्हणायची, हा एक होऊ दे. मग पुढचा होऊ दे.

चार पावलं जाऊन आत बघायचीही हिंमत झाली नाही.

असे पंचवीस झाले.

एकच भोक राहिलं.

तेव्हा मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. मुद्दाम गन तिरकी धरली आणि घोडा दाबून ठेवला. रिव्हेटचं डोकं चेपलं, पत्र्यावर चंद्रकोरीसारखा वण उठला. एवढा वाईट रिव्हेट आयटीआयच्या पहिल्या दिवशीसुद्धा कुणी मारत नाही.

आता तीन ठोके येणार. मी काढणार. परत बिघडवणार. परत तीन येणार. संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत, कितीही वेळ. असा हिशेब केला होता मी.

मी कान लावला.

बराच वेळ काही नाही.

मग...

टक्.

टक्.

मी तिसऱ्याची वाट पाहिली.

तिसरा आला नाही.

माझ्या आप्पांनी तो पास केला होता.

"आप्पा," मी म्हणाले. बहात्तर दिवसांनी. "आप्पा, ह्यो बिघडलाय. मीच बिघडवलाय. तुम्ही पास कसा केला?"



"आप्पा, मला आवाज आला व्हता. त्या दिवशी. रिकामा आलेला कळला व्हता मला. मी चहा प्याया गेले, आप्पा."

हे मी आजवर फक्त त्या पत्र्याला सांगितलंय.

मी गन उचलून त्याच रिव्हेटवर लावली. घोडा दाबला.

रिकाम्या डब्याचा आवाज आला.

मग मी चार पावलं गेले आणि आत वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. ड्रिलचा चुरा पसरलेला. पंचवीस शेपटं एका मापाची, गोल, पैशासारखी दबलेली. सव्विसावं वाकडं.

हौसराव जेवून आले तेव्हा मी दाराच्या चौकटीत बसले होते. त्यांनी ओळ बघितली. आत सरकून शेपटांवरून अंगठा फिरवला. खूप वेळ आत होते. बाहेर येऊन त्यांनी टेबलावरची स्वतःची डॉली बघितली, मग मला बघितलं.

एकटीनं होणारं काम नाही हे त्यांना मी काय सांगणार?

ते एवढंच म्हणाले, "शेवटचा काढू. त्यो बरोबर न्हाई."

आम्ही तो काढला. त्यांनी डॉली धरली, मी मारला. आठवड्यानं पुण्याहून तपासणीचे साहेब आले. चौथी ओळ भिंगानं पाहून म्हणाले, हा हात कुणाचा आहे? मारुतराव माझ्याकडं बघायला लागले. मी बाहेर निघून गेले.

ह्या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. मी पुण्यात एका कारखान्यात रिव्हेटचं काम शिकवते. पोरं मला पाठीमागं टेपरेकॉर्डर म्हणतात, कारण हातात गन असली की मी सतत बोलत असते. आतल्या माणसाला हाका मारते, बरं आहे ना विचारते, जेवलास का विचारते. त्यांना वाटतं बाई बडबडी आहे.

आप्पांनी तो रिव्हेट का पास केला, ह्याचा विचार करून मी थकले. मला बोलतं करायचं होतं, की त्यांना आता जायचं होतं, की लेकीचा एक गुन्हा पोटात घालायचा होता... कळत नाही. पण रात्री झोप उडते ती त्यामुळं नाही.

ते दोन ठोके आले आणि मी तिसऱ्याची वाट पाहत उभी राहिले. किती वेळ? दहा सेकंद असतील. पंधरा असतील. त्यानंतर मी तोंड उघडलं.

तेवढ्यात ते निघून गेले असतील, तर मी बोलले ते त्यांना ऐकूच गेलं नाही.