बनाबाईंनी धरलेली जागा

या माउली, असे जवळ या. सतरंजी ऐसपैस आहे, पण ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नव्हे. टाळ जरा खाली ठेवा. सांगतो ते आपल्याच मंगळवार पेठेतल्या माणसांचं आहे. ऐकून भ्यायचं की डोळे पुसायचे, हे मला अजून उमगलेलं नाही.

हंबीरराव एसटीत कंडक्टर होते. कोल्हापूर-गारगोटी गाडीवर त्यांचा जन्म गेला. गाडी फलाटाला लागते न लागते तोच लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे आणि हंबीरराव गरजायचे, "रुमालाला तिकीट काढलंय काय, पावणं?" गंमत अशी, की घरी बायकोचा, बनाबाईंचा, तोच धंदा. एकादशीच्या कीर्तनाला त्या आधी जायच्या. बायकांची बाजू संपून पुरुषांची सुरू होते, त्या खांबापाशी बसायच्या आणि शेजारी रुमाल पसरायच्या. हंबीरराव ड्यूटी उरकून पोचायचे तेव्हा बुवा निम्म्या अभंगावर आलेले असायचे. रुमाल उचलून ते बसले, की समोरची नजर न हलवता बनाबाई पुटपुटायच्या, "आली का लेट गाडी?"

रुमाल जुन्या धोतराचा. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचं तुळशीचं पान, आणि पानाशेजारी तव्यानं भाजलेला तांबूस डाग.

लेक संयोगिता मेलबर्नला. तिचं पहिलंच बाळंतपण, म्हणून दोघांची तिकिटं काढलेली होती. "पोरगी मोकळी व्हायच्या आधी मला ते गाव हिंडून दावायचं," हा बनाबाईंचा हट्ट. "दावतो की," हा हंबीररावांचा शब्द. पण माघात बनाबाई बसल्या जागी गेल्या. पंचगंगेवर नेताना हंबीररावांनी तो रुमाल त्यांच्या मुठीत दिला. बाईंची आणि रुमालाची राख झालेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

वैशाखात ते एकटेच निघाले. जावई खाणीवर कामाला, निम्मा महिना बाहेर. लेकीजवळ दुसरं होतं कोण?

आपल्याकडं उन्हाचा वणवा पेटलेला, तर तिकडं पानगळ. संयोगिता जड पावलांनी त्यांना गाव दाखवू लागली. मोठ्या घड्याळांचं स्टेशन पाहिलं, नदीकाठ पाहिला, मग ट्राममध्ये चढले. कंडक्टर नाही, आणि गावाच्या मधल्या भागात तिकीटसुद्धा नाही!

"आगं, मग ह्यांच्या कंडक्टरांनी खायचं काय?"

संयोगिता खळखळून हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

गाडी खच्चून भरली होती. एका पोरानं उठून संयोगिताला जागा दिली. पलीकडं खिडकीजवळची एक सीट मोकळी होती, तिच्यावर रुमाल. इथंही हेच! हंबीरराव मनाशी हसले आणि दांडी धरून उभे राहिले. उतरताना मात्र एक गोष्ट खटकली. इतक्या गर्दीत त्या सीटकडं कुणी वळूनही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बागेत गेले. बारीक पाऊस पडून गेलेला, तळ्याकाठचे सगळे बाक ओले. संयोगिता मागून सावकाश येत होती. हंबीरराव पुढच्या बाकापाशी पोचले आणि थबकले.

बाकावर रुमाल पसरलेला होता. कोरडा. कोपऱ्यात तुळशीचं पान, शेजारी तांबूस डाग.

त्यांनी हात टेकला. एवढ्या गारठ्यात त्या लाकडाला ऊब होती, जणू कुणी नुकतीच सरकून जागा करून दिली असावी. बुक्क्याचा वास आला. हंबीररावांचे गुडघे आपोआप वाकू लागले. माघापासून छातीवर बसलेला धोंडा हलका झाला, पायातली कळ गेली, श्वास मंद मंद होत चालला. नुसतं बसायचं होतं.

"आबा!"

संयोगिता झाडाला टेकली होती, ओठ पांढरे पडलेले. "कळ मारली वो. हात द्या की."

हंबीरराव ताठ झाले. धोंडा पुन्हा छातीवर आला. त्यांनी लेकीला धरलं आणि मागं वळून पाहिलं नाही.

दोन दिवसांनी नदीत बोटीनं फिरायचं ठरलं होतं. "आईला बोटीत बसायचंच होतं," संयोगिता म्हणाली, म्हणून हंबीरराव नको म्हणू शकले नाहीत.

बोटीच्या टोकाला, कठड्याशी, रुमाल होता.

या वेळी ते जवळ गेले, पण बसले नाहीत. वाकून हळूच म्हणाले, "बने, आत्ता न्हाय. पोरीचं होऊ दे. मग येतो."

पाणी बोटीला चाटत होतं. रुमालाचा कोपरा वाऱ्याविना हलला.

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. घरी येऊन बघतात तो खिसा रिकामा.

"आबा, बोटांना हे काळं काय लागलंय?"

"काय न्हाय गं. कठड्याचं असंल."

संयोगिताला मुलगी झाली. हंबीररावांनी नातीला न्हाऊमाखू घातलं, डिंकाचे लाडू वळले. ते दगडासारखे झाले आणि लेकीनं हसत हसत फोडून खाल्ले. पुन्हा कुठंही रुमाल दिसला नाही. लेक हिंडूफिरू लागली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जरा जास्तच वेळ ठेवला.

कोल्हापुरात आले त्या आठवड्यात एकादशी होती. सवयीप्रमाणं उशिरा पोचले. मंडप भरलेला, पाय ठेवायला जागा नाही.

फक्त खांबापाशी होती.

हंबीरराव तिथवर गेले. हात टेकवून पाहिला. चेहरा उजळला.

"रुमालाला तिकीट काढलंय काय, बने?" ते हसून म्हणाले आणि बसले.

गजर झाला. आरती झाली. माणसं उठली. हंबीरराव खांबाला टेकून बसूनच होते, कपाळावर ताजा बुक्का.

त्यांना हलवून पाहिलं तेव्हा रडारड झाली. बुक्क्याची वाटी घेऊन फिरणाऱ्या झुंबरबाई तेवढ्या गोंधळल्या. त्या मुरगूडहून नुकत्याच पेठेत राहायला आलेल्या, बनाबाईंना त्यांनी कधी पाहिलेलंही नव्हतं.

"आत्ताच की मी हितं दोघास्नी बुक्का लावला," त्या म्हणाल्या. "शेजारच्या मावशी कुठं गेल्या? त्यांनीच म्होरं होऊन ह्यांचं कपाळ दावलं. बोट टेकलं तर मावशींचं कपाळ लई गार लागलं बघा."

तेव्हा माउली, एकादशीला त्या खांबापाशी जागा मोकळी दिसली, तर आधी हात टेकवून बघा. ऊब लागली तर बसू नका, पुढं सरका. आणि बुक्का लावून घेताना आमच्या बनाबाईंची आठवण तेवढी ठेवा.