पत्त्यापुढचं नाव

मे महिन्यातली दुपार होती. नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला बारा गावांच्या पाणीयोजनेचं पंपघर आहे, तिथे मी पुण्याहून आले होते. काम साधंच. पंप चालू-बंद करणारा कॉम्प्युटर आमच्या कंपनीचा. तो मधूनच अडकायचा आणि पंप आपोआप सुरू व्हायचा. विहिरीत गाळ साचला होता, तीन दिवस गावांना पाणी नव्हतं. पण मी यंत्र थांबवल्याशिवाय पंपघरावरचे कामगार बिभीषणमामा गाळ काढायला खाली उतरायला तयार नव्हते.

"लई येळ लागंल का म्याडम?"

"अर्धा तास."

मी लॅपटॉप जोडून डीबगर, म्हणजे दोष शोधायचा प्रोग्रॅम, सुरू केला. डीबगरने थांबवलं की तो कॉम्प्युटर जागच्या जागी गोठतो, त्याचं घड्याळसुद्धा सरकत नाही. मग तो कुठे अडकला होता ते ओळीने दिसतं. दिसतात ते नुसते आकडे, मेमरीतले पत्ते. कुठल्या पत्त्यावर कोणतं काम चालतं, त्या नावांची यादी वेगळी असते; तिला सिम्बॉल टेबल म्हणतात. ती यादी गेल्या वर्षी मीच यंत्रातून काढून टाकली होती. जागा वाचली म्हणून साहेबांनी पाठ थोपटली. पुढे इथूनच एक तक्रार आली, सोबत नुसते आकडे. नावांशिवाय काय डोंबल कळणार! 'यंत्रात दोष नाही' असं लिहून मी ती मिटवून टाकली.

आज यादी सोबत आणली होती. पहिला पत्ता विचारला. स्क्रीनवर नाव आलं: गोरक्षनाथ.

आमच्या कामांना माणसांची नावं नसतात. कुणाचा तरी चावटपणा, असं म्हणत मी सगळी यादी चाळली. त्यात ते नाव नव्हतं. पुन्हा पत्ता विचारला. पुन्हा तेच.

"मामा, गोरक्षनाथ कोण?"

मामांच्या हातातला दोर थांबला. "आमचाच गडी हुता... मागल्या उन्हाळ्यात खाली गाळ काढत हुता. पंप सुरू झाला, त्यात ग्येला. फ्यूज काढायचं इसरला, असं लिवलं योजनेच्या सायबांनी. आवो, खाली उतरनारा फ्यूज खिशात घालूनच उतरतो. त्याच्या बी खिशात हुते... कुनी ऐकलं न्हाई. यंत्रात दोष न्हाई, असा कागूद आला ना पुन्याहून."

तो कागद माझा होता. सांगायला हवं होतं, पण मी स्क्रीनकडेच बघत राहिले.

"यंत्र थांबलंय नव्हं?" मामांनी विचारलं.

"हो..."

"मग उतरतो. गावं तहानल्यात." त्यांनी फ्यूज काढले, खिशात टाकले आणि बाहेर गेले.

खोलीत इतका वेळ ग्रीसचा वास होता. आता ओल्या गाळाचा येऊ लागला. मी दुसरा पत्ता विचारला.

बिभीषण.

मी धावत सुटले. "मामा, वर या! आत्ता वर या!"

ते कुरकुरत वर आले. त्यांचा पाय कट्ट्याला लागला, तेवढ्यात खाली पंप घुमला. पाणी ढवळून निघालं. यंत्र गोठलेलं, फ्यूज मामांच्या खिशात... आणि पंप चालूच. मिनिटभराने तो आपोआप थांबला.

आम्ही दोघं कट्ट्यावर बसून राहिलो. मग मी सांगितलं, की तो कागद माझा. मामांनी खिशातले फ्यूज काढून कट्ट्यावर ठेवले.

"मला नगं सांगू," ते म्हणाले. "त्याच्या बायकूला सांग. केशरबाईला."

दिवेलागणीला मी केशरबाईंच्या दारात उभी होते. सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत.

"त्यो इसरला नव्हता, येवढं लिवून देशील?"

मी लिहून दिलं: गोरक्षनाथांची चूक नव्हती, तक्रार मी नीट न बघता मिटवली. खाली सही केली. लाज वाटत होती, आणि थोडं हलकंही.

"नाव कुठं आलं, दाव."

मी लॅपटॉप उघडला. दुपारच्या सगळ्या ओळी होत्या, नावं नव्हती. "इथेच होतं, मावशी... आता नुसते आकडे दिसतायत."

केशरबाईंना वाचता येत नाही. त्यांनी पदर सारला. कोपराखाली नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं. तो हात त्यांनी स्क्रीनजवळ धरला आणि बोटाने एकेक अक्षर जुळवत गेल्या.

"हाय की. हितं हाय..." बोट हळूहळू खाली सरकत होतं. "हितं बी हाय... पोरी, समद्या वळीत त्योच हाय."