वाकळीचं दुसरं टोक

चिंचवड गावठाणात आम्ही भाड्यानं राहायला आलो त्या वर्षी पवनेचा जुना घाट अर्धा गाळात बुडालेला होता. वरच्या पायऱ्यांवर लोक कचरा टाकत. खाली बाभळी माजल्या होत्या. मी पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. दिवसभर सुट्या भागांची मापं घ्यायची, केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवायचा, हे माझं काम. नजर तशीच झाली होती.

घाट मोकळा करायची कल्पना आमच्या शेजारच्या ज्योतीरामची. तो मूळचा गावठाणातला, भोसरीला लेथवर कामाला.

"कंपन्या आल्या, चाळी आल्या," तो म्हणायचा, "पण राव, माणसानं संध्याकाळी टेकावं कुठं?"

रविवारी सकाळी फावडी-घमेली घेऊन माणसं जमू लागली. गावठाणातली जुनी घरं, बौद्ध वस्तीतली पोरं, माझ्यासारखे भाडेकरू. सरकारकडून दमडी घेतली नव्हती. पायऱ्या उघड्या पडत गेल्या, वर कडुलिंबाची रोपं लागली, पाराला नवा चुना लागला.

गावठाणातलीच सोजरबाई मात्र कामाला हात लावत नसे. वरच्या पायरीवर पदर तोंडाशी धरून बसायची आणि गाळाकडे बघत राहायची. ज्योतीराम तिला मावशी म्हणायचा. त्यानंच मला सांगितलं. ज्या पुरात घाटाचा खालचा भाग गाडला गेला, त्याच पुरात तिची लेक कस्तुरा गेली. मायलेकी खाली वाकळ धूत होत्या. वाकळ म्हणजे जाड गोधडी. ओली झाली की एकटीला पिळता येत नाही. एक टोक आईच्या हातात, दुसरं लेकीच्या. लोंढा आला तेव्हा लेकीनं आपलं टोक सोडून दिलं. नाहीतर वाकळीबरोबर आईही ओढली गेली असती.

वैशाखातली गोष्ट. उन्हं चढली होती, आम्ही भाकरीची फडकी सोडून बसलो होतो. तेवढ्यात आवाज आला.

धप्. धप्. जरा थांबून, पुन्हा धप्.

दगडावर धुणं आपटल्याचा आवाज. नदी आटून पलीकडच्या काठाला लागली होती. तिथं कुणी नव्हतं. प्रतिध्वनी असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. मग खात्री करावी म्हणून खाली उतरलो, गाळात पहार खोल रोवली आणि तिला कान लावला.

आवाज पहारीतून येत होता. प्रत्येक ठोक्याला लोखंड माझ्या तळव्यात थरथरत होतं.

त्या दिवशी ज्योतीरामनं काम थांबवलं. खालचा भाग तसाच ठेवून वर काँक्रीट टाकू, छान कट्टा होईल, असं तो म्हणू लागला. बरेच जण लगेच हो म्हणाले. सोजरबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"न्हाई. दगड उघडा करा. लेक खोळंबली हाय माजी."

मीच फावडं उचललं. खाली पोकळी असणार, त्यात पाणी हेलकावत असणार. ती सापडली की सगळ्यांची भीती जाईल, असा माझा हिशेब होता. मी उतरलो म्हणून ज्योतीराम उतरला, मग बाकीचे.

पोकळी नव्हती. घट्ट, कोरडा, भेगाळलेला गाळ होता. त्याखाली धुण्याचा काळा दगड लागला तेव्हा आवाज बंद झाला.

दगड ओला होता. त्याच्या खोबणीत पांढरा फेस होता. मी बोट लावून वास घेतला. रिठ्याचा.

पुढच्या रविवारी सोजरबाई वाकळ घेऊन आली. आम्ही दगडापर्यंत पाण्याला वाट करून दिली होती. तिनं वाकळ भिजवली, तुडवली, धुतली. सुमन, माझी बायको, मदतीला निघाली, तर तिला हातानंच थांबवलं. मग आपलं टोक धरून सोजरबाई उभी राहिली आणि तिनं वाकळ पुढं फेकली.

वाकळ खाली पडली नाही.

ताणली गेली. कमरेच्या उंचीवर, सरळ.

सोजरबाईनं हात उजवीकडे फिरवले. पलीकडचं टोक डावीकडे फिरलं. पीळ पडत गेला. पाण्याची धार दगडावर पडत होती. घाटावर दुसरा आवाज नव्हता.

"बास बाय," सोजरबाई म्हणाली. "सोड आता."

वाकळ ताणलेलीच राहिली.

"सोड म्हंते ना."

तिची पावलं दगडावरून सरकली. पाण्याकडे. बोटभर, मग वीतभर. तिनं मूठ मात्र उघडली नाही. तिच्या तोंडावर भीती नव्हती, हेच मला बघवेना.

ज्योतीराम धावला. त्यानं मावशीला पोटाशी धरून मागं खेचलं, मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

वाकळ पाण्यावरून गेली. पवनेला तेव्हा धार अशी नव्हतीच, तरी गेली. वळणापर्यंत दिसत होती.

सोजरबाई त्यानंतर घाटावर आली नाही. रडलीही नाही. दारात बसलेली दिसायची, आल्यागेल्याला चहा विचारायची. एकदा मला म्हणाली, "वडायला लागली तवा कळलं मला. हात मोठा व्हता. माज्या लेकीचा न्हवता."



घाट पुरा झाला. संध्याकाळी माणसं टेकू लागली, शिफ्ट सुटलेले कामगार डबे ठेवून गप्पा मारत, बायका धुणं नेऊ लागल्या. ज्योतीराम खूश होता. मी सुमनला खालच्या दगडाकडे जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, तिनंही मान डोलावली होती.

दसऱ्याच्या आधी मी कामावरून आलो तर दोरीवर आमची सगळी अंथरुणं वाळत होती. घट्ट पिळलेली.

"इतकं एकटीनं पिळलंस?"

"वरच्याच पायरीवर धुतलं हो," सुमन म्हणाली. "आता पाणी तिथवर आलंय ना."

मग घडी घालता घालता म्हणाली, "आणि एकटी कुठं? माणसं फार चांगली आहेत इथली. मान वर करूनही बघावं लागत नाही. नुसतं टोक पुढं करायचं, कुणीतरी धरतंच."