पाठमोरे पक्षी

"डावीकडे गाई. चार. एक बसलेली आहे."

ती मागून सायकल रेटत येत होती. पुढे दोन सीटांची एक लांबलचक जोडसायकल चाललेली. पुढच्या सीटवर उंच तरुण, मागच्या सीटवर त्याचे पांढऱ्या मिशांचे वडील.

"उजवीकडे विजेचा खांब," तरुण पुढे म्हणाला.

"अरे, देखावा सांगतोयस की गोदामातला माल मोजतोयस?" वडील कुरकुरले.

तिला हसू आवरेना. हसण्याच्या नादात हँडल वळलं आणि ती सायकलसकट रस्त्याकडेच्या गवतात आडवी झाली.

"कोण पडलं रे?" वडिलांनी विचारलं.

तरुणानं थांबून वळून पाहिलं. "एक मुलगी. पिवळं हेल्मेट. लागलेलं नाही… बहुतेक हसतेय."

"दिसायला कशी आहे?"

त्यानं घाईनं मान पुढे वळवली. त्याचे कान तेवढे लाल झाले.

त्या सायकल-सहलीला आता बरीच वर्षं झाली, पण ते लाल कान तिला अजून लख्ख आठवतात. ती दातांची डॉक्टर. नुकत्याच निवृत्त झालेल्या तिच्या आईनं उतारवयात सायकलीचा ध्यास घेतला होता, आणि लेकीला दवाखान्याला कुलूप लावायला लावून आपल्याबरोबर ओढत आणलं होतं. तो एका कारखान्यात हिशेबनीस. वडिलांची नजर हळूहळू गेली तेव्हा त्यांची सायकल सुटू नये, म्हणून त्यानं ही जोडसायकल घेतली होती. वडिलांना घेऊन हँडल धरायचं, तर ते त्यानंच. तिथे तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

दुसऱ्या दिवसापासून तिची सायकल आपसूक त्यांच्या शेजारी चालू लागली.

"शेत आहे," तो म्हणे.

"काका, शेत नुसतं नाही हं," ती म्हणे. "वारा आलाय ना, तर सगळी कणसं एकदम मान वळवून आपल्याकडे बघताहेत. वरातीकडे बघावं तशी."

वडील खूश. तो तिरक्या नजरेनं तिच्याकडे बघे. "कणसं बघत नसतात."

"तुम्ही तर बघता ना?"

"मी… रस्ता बघतोय."

"रस्ता पुढे आहे, हिशेबनीस."

मागून आई खोकायची. ऐन उन्हाळ्यात तिला हा खोकला कुठून लागला, कोण जाणे.

मग घाट आला. चढ असा, की बोलणं बंद, नुसते श्वास. दाट धुक्यात पुढचं चाकही धड दिसेना. माथ्यावर सगळे हाशहुश करत उतरले, आणि त्याच क्षणी कुणीतरी चादर ओढून घ्यावी तसं धुकं सरकलं.

खाली… किती खाली, ते कळेनाच. डोंगरांच्या ओंजळीत एक तळं, इतकं निश्चल की आकाशच तिथे उतरून बसलंय असं वाटावं. आई मटकन दगडावर बसली. लेकीचेही शब्द कुठल्या कुठे पळाले.

"काय झालं? सगळे गप्प का?" वडिलांनी विचारलं.



तेव्हा तो बोलला, अगदी हळू. "बाबा, पक्षी उडताहेत. आपल्या खाली. त्यांच्या पाठी दिसताहेत."

वडिलांनी हेल्मेट काढून छातीशी धरलं. ते तसेच उभे राहिले, वाऱ्याकडे तोंड करून. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. इतकं मोठं काही एवढ्याशा शब्दांत मावतं, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

"उतारावर सायकल हिला नेऊ दे," वडील अचानक म्हणाले.

"बाबा, नको."

"मी विचारत नाहीये."

त्याची बोटं हँडलवरून सुटता सुटेनात. शेवटी तिनंच त्यावर आपला हात ठेवला. "जपून नेईन," ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि तो बाजूला झाला.

तो उतार ती कधी विसरली नाही. कानात वारा, पायाखाली दरी, आणि पाठीमागे म्हातारा माणूस निर्धास्त हसत असलेला. प्रत्येक वळणावर ती ओरडे, "काका, डावीकडे झुका", "काका, उजवीकडे," आणि ते झुकत.

पायथ्याशी ती थांबली. पाठोपाठ तो आला. तिची सायकल त्याला एवढी बुटकी, की गुडघे कानांना लागत होते. चेहरा पांढराफटक.

"वडिलांची काळजी वाटली ना?" तिनं विचारलं.

"पहिल्या वळणापर्यंत. पुढे तुमची वाटायला लागली. वाटलं, हिला काही झालं तर—"

"तर?"

त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"माझ्याकडे रोज असेच पेशंट येतात," ती म्हणाली. "आ करतात आणि बोलत काहीच नाहीत."

"सहल परवा संपतेय," तो कसाबसा म्हणाला. "मला… ती संपायला नको आहे. तुम्ही जायला नको आहात."

"मला दिसत नसलं तरी ऐकू येतं हं," मागच्या सीटवरून वडील म्हणाले.

तेवढ्यात आईही खाली पोचली होती. तिनं त्यांचा हात धरला. "चला भाऊसाहेब, तिकडे सावली आहे."

दोघं लांब गेली. रस्त्यावर दुसरं कुणी उरलं नाही. तो खाली मान घालून उभा होता, शिक्षेची वाट बघत असल्यासारखा.

"एक अट आहे," ती म्हणाली.

"कुठलीही."

"हे 'तुम्ही' बंद करायचं."

त्यानं मान वर केली. तिच्याकडे बघत राहिला, आणि या वेळी त्यानं रस्त्याचं नावही काढलं नाही.

"तू," तो म्हणाला.